फक्की

रेशीमबागेत पहाटे साडेचारला मी फक्की मारतो.
बादली, भोकं पाडलेला डबा, खिळ्याला बांधलेली दोरी.
चारशे मीटर म्हणजे चारशे मीटर,
हे मला शाळेनं नाही, चुन्यानं शिकवलं.
बोटांच्या चिरांतून आत शिरतो तो,
आंघोळ केली तरी हिशेब ठेवतो.

हेमराज धापोडकर, गोळीबार चौकातला.
पाच हजार मीटरमध्ये सात वर्षं
त्याच्यापुढं कोणाची पाठ आम्ही पाहिली नाही.
रेल्वेची नोकरी, अजनीला क्वार्टर,
मेडलं आईच्या टिनाच्या पेटीत, डांबरगोळ्यांसोबत.

मग देवलापारहून तुकेश उईके आला.
कॅनव्हासचा जोडा, अंगठा बाहेर.
हेमराजनंच त्याला आपले जुने स्पाईक दिले:
"घे बे, पळ."
पोरगा पळला.
महिन्याभरानं, सरावात, एकदाच
अर्ध्या पावलानं पुढं निघाला
आणि मागं वळून हसला, माफी मागितल्यासारखा.
नुसता हरवता तर चाललं असतं.
ते हसणं हेमराजच्या जेवणात आलं, झोपेत आलं.

दुसऱ्या दिवशी त्यानं स्पाईक परत मागितले.
पोरानं धुऊन आणले, आत पेपर कोंबून.
तिसऱ्या दिवशी मला तर्री-पोहे खाऊ घातले
अन् बशीतल्या तेलाकडं बघत म्हणाला,
"काका, वळणावर दोरी जराशी आत घ्या न.
माह्यासाठी नाही. घड्याळाले बरं वाटते."

मी घेतली.
त्याचा बाप अन् मी एकाच मागावर बसलो होतो,
हे कारण मी नंतर शोधलं.
सव्वा मीटर आत दोरी, आठ मीटरनं फेरी कमी.
सगळे यायच्या आधी तो एकटा पळायचा,
मग मी पायानं रेघ पुसून खरी ओढायचो.

वेळ सुंदर यायला लागली.
रेल्वेच्या डायरीत तो आकडे लिहायचा,
खाली दोन रेघा मारायचा,
चहावाल्याला दाखवायचा.
आठव्या दिवशी मला वाटलं, हा विसरला.
विसाव्या दिवशी खात्री झाली.

मानकापूरचा ट्रॅक लाल, रबराचा,
तिथली रेघ कोणाच्या पायानं पुसत नाही.
साडेबारा फेऱ्या.
बारा फेऱ्या तो असा धावला
की मीसुद्धा क्षणभर डायरी खरी मानली.
आणि शेवटचे शंभर मीटर राहिले असताना
त्याचे पाय थांबले.
दमले नाहीत, थांबले.
माझी शर्यत जिथं संपायची
बरोबर तिथंच.
तुकेश बाजूनं गेला. या वेळी वळला नाही.

मे महिना. दुपारचे दोन. सेहेचाळीस डिग्री.
मैदानात एक कुत्रंही नाही.
"आता बाहेर घ्या. चारशे वीस."
नडगी जानेवारीपासून दुखत होती त्याची,
कंपाउंडरकडून सुया टोचून घ्यायचा, कोणाला सांगायचा नाही.
म्हटलं, "काऊन करून राहिला रे असं?"
तो म्हणाला, "तो झोपला असंन आता."
मी फक्की मारली.
डबा हलवणारा हात माझाच होता.
अकराव्या फेरीला आवाज आला,
वाळली पऱ्हाटी मोडावी तसा.
तरी चार पावलं टाकली त्यानं.
ती चार पावलं मी मोजली आहेत.

आता तो अजनीला पार्सल ऑफिसात बसतो,
पायात पट्टी, पट्टीत सहा स्क्रू.
तुकेशची वेळ पेपरात आली
की सकाळीच फोन येतो:
"काका, टेप लावला होता न?"
"लावला."
"दोन्ही वळणांवर?"
"दोन्ही."
मग तो काही बोलत नाही, ठेवतही नाही.
तिकडून गाडीची घोषणा ऐकू येते,
कुठली तरी उशिरानं धावणारी.
मी फोन कानाशी धरून
उजव्या पायानं मैदानावर
नसलेली रेघ पुसत राहतो.